मुलगा दाखविण्याचा कार्यक्रम

विवाहयोग्य कन्येच्या हाती पोह्यांची बशी देऊन तिला चार परक्या माणसांसमोर आणावयाचे, तिला चालून दाखवावयास, दोन ओळी लिहून दाखवावयास आणि जमल्यास एखादे पद म्हणून दाखवावयास सांगावयाचे, आणि मग ‘कळवितो’ एवढ्या एका शब्दावर तिच्या बापास महिनाभर टांगून ठेवावयाचे, ह्या रूढीचा आपल्या समाजसुधारकांनी इतकी वर्षे इतक्या पोटतिडकीने धिक्कार केला की, ती आता नामशेष झाली असा पुष्कळांचा समज आहे. हा समज ज्यांना कायम ठेवावयाचा असेल त्यांनी एप्रिल-मेच्या दिवसांत, सकाळी साडेसहा ते नऊ ह्या वेळात, शिवाजी पार्कच्या बाजूने फिरावयास जाऊ नये. मुलगी सुटली आणि मुलगा सापडला, एवढाच काय तो फरक.

ज्यांची मुले मोठी होऊन मार्गी लागली आहेत अशा वाचकांसाठी हा कार्यक्रम थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. पूर्वी शाळेचा संघ असे. त्या संघास हॅरिस शील्ड अथवा जाइल्स शील्डमध्ये खेळावयास मिळे. तेथे धावा केल्या की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात नाव छापून येई. आणि ते कात्रण खिशात घालून मुलगा रुपारेल, रुइया किंवा कीर्ती महाविद्यालयाच्या जिमखान्यात हजर झाला की क्रीडा कोट्यातून प्रवेशाची तजवीज होत असे. हा मार्ग अद्याप बंद झालेला नाही. परंतु त्यात एक मोठी खोट अशी की, धावा कराव्या लागतात. ही गैरसोय ध्यानी घेऊन काही परोपकारी गृहस्थांनी खासगी ‘टॅलेंट’ स्पर्धा काढल्या आहेत. त्यांच्या पत्रकात तीन गोष्टी ठळक अक्षरांत असतात: प्रवेशशुल्क, पाठीवर स्वतःचे नाव छापलेला रंगीत पोशाख, आणि ‘नामवंत महाविद्यालयांचे, क्लबांचे व फ्रँचायझींचे निवडकर्ते उपस्थित राहण्याची दाट शक्यता’. शुल्क परत मिळत नाही, पोशाख दुसऱ्या धुण्यात फिका पडतो, शक्यता मात्र अखेरपर्यंत दाटच राहते.

हे लिहिण्याचा आम्हां माहीमकरांस अधिकार काय, असे दादरकर विचारतील, म्हणून सांगून ठेवतो. महापालिकेने १९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. पुढे १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्यास शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले. आमचे नाव गेले ते एवढ्या थोर नावासाठी गेले, ह्याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु मूळ वतनदार म्हणून कट्ट्यावर बसून नाक खुपसण्याचा हक्क आम्ही सोडलेला नाही.

तो हक्क बजावीत परवा कट्ट्यावर बसलो असता एक तेरा वर्षांचे चिरंजीव फलंदाजीस निघाले. त्यांचे तीर्थरूप घडीची खुर्ची, बर्फाची पेटी, तिवईवर चढविलेला मोबाइल आणि भाड्याचा एक छायाचित्रकार अशा लवाजम्यासह सीमारेषेवर ठाण मांडून होते. चिरंजिवांनी गार्ड घेतला, हेल्मेट सारखे केले, क्षेत्ररचनेवर एक सावकाश दृष्टिक्षेप टाकला, आणि पहिलाच चेंडू ऑफच्या बाहेर पडून आत शिरला व बॅट आणि पॅड यांमधील प्रशस्त दरवाजातून जाऊन मधल्या यष्टीस भेटला. तीर्थरूपांनी मुलाकडे पाहिले नाही. त्यांनी छायाचित्रकारास विचारले, “घेतलं नाहीस ना?” तो कसबी मनुष्य म्हणाला, “काका, स्टान्स मस्त आलाय. तेवढाच ठेवतो.” सामना आटोपल्यावर त्याच खेळपट्टीवर दहा पावलांवरून खालच्या हाताने चेंडू टाकून घेऊन चिरंजिवांकडून ड्राइव्हांची एक मालिका वदवून घेण्यात आली, तिला संगीताची जोड मिळून ती सायंकाळपर्यंत सर्व आप्तेष्टांच्या मोबाइलवर रुजू झाली. त्या चित्रफितीत गोलंदाज नाही, क्षेत्ररक्षक नाहीत, धावफलक तर नाहीच. मुलगा तेवढा उत्तम दिसतो.

मधल्या काळात, म्हणजे बाद झाल्यापासून चित्रीकरणास बोलावणे येईपर्यंत, चिरंजीव पॅड सोडून पलीकडे रबरी चेंडूने खेळणाऱ्या पोरांत सामील झाले होते. शिवाजी पार्कवर एका सामन्याचा थर्ड मॅन हा दुसऱ्या सामन्याच्या मिडऑफच्या पाठीस पाठ लावून उभा असतो, त्यामुळे हे स्थलांतर कोणाच्या ध्यानी आले नाही. तेथे त्यांनी मागे पळत जाऊन, सूर्याकडे तोंड असताना, एका हाताने जो झेल घेतला तो पाहून कट्ट्यावरच्या दोन पेन्शनरांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. वडील त्या वेळी स्टान्स पाहत होते.

आता निवडकर्त्यांविषयी. निवडकर्ता हा प्राणी प्रत्यक्ष कोणी पाहिलेला नसल्यामुळे त्याच्या ओळखीच्या खुणा पालकवर्गाने तर्काने ठरविल्या आहेत: डोक्यावर गोल टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वही, आणि मुद्रेवर कशातच गोडी नसल्याचा भाव. ह्या चारही लक्षणांनी युक्त असा एक इसम मागल्या पंधरवड्यात मैदानाच्या कडेला थबकला, तेव्हा त्यास तीन ठिकाणांहून चहा आला, एकाने छत्री धरली, एका मातेने घरच्या थालीपिठाचा डबा उघडला, आणि अर्ध्या तासाने तो बेस्टचा मीटर तपासणारा असून सावलीसाठी उभा होता असे निष्पन्न झाले. तरीही एका पालकाने त्यास मुलाची चित्रफीत पाठविलीच. कोणाचा कोठे वशिला असेल हे सांगता येत नाही. दैवी वशिल्याचीही हयगय होत नाही: मंगळवारी सिद्धिविनायक, बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील नोव्हेना, गुरुवारी मखदूमशहा बाबांचा दर्गा, असा सर्वधर्मसमभाव सेवादलाच्या शिबिरांतही एवढा फळाला आला नव्हता.

वयाचा प्रश्न नाजूक आहे. चौदा वर्षांखालील सामन्यात ज्यास दाढी करून यावे लागते अशा मुलाची उपजत चमक डोळ्यांत भरते, हे उघडच आहे; म्हणून काही मुले दोनदा जन्म घेतात, एकदा प्रसूतिगृहात आणि दुसऱ्यांदा, सोयीच्या तारखेस, दाखल्यावर. राहुल द्रविड यांनी २०१५ च्या डिसेंबरात पतौडी स्मृती व्याख्यान देताना ह्या प्रकारास विषारी म्हटले, आणि क्रिकेट नियामक मंडळ तर मुलांच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांचीच जबानी घेते. हाडांस शिफारसपत्र वाचता येत नसल्यामुळे पुष्कळ होतकरू कारकिर्दी मनगटापाशी खुंटल्या आहेत.

हे सर्व आपल्याच अधःपतनाचे लक्षण आहे असे मानून कोणी खिन्न होऊ नये. आमच्या शेजारच्या एका आजोबांचा नातू न्यू जर्सीतील एडिसन येथे बेसबॉल खेळतो. त्या देशात मुलगा दाखविण्याच्या कार्यक्रमास शोकेस असे नाव असून तो आपल्याप्रमाणे लाजतमुरडत न होता शास्त्रोक्त रीतीने होतो. १९९३ साली आयोवा राज्यात निघालेल्या परफेक्ट गेम नावाच्या संस्थेने तर त्याचा रीतसर कारखानाच उभारला आहे. मुलास साठ यार्ड पळवून घड्याळ लावतात, त्याने फेकलेल्या चेंडूवर रडारची बंदूक रोखतात, आकडे नोंदवितात, गुण देतात आणि क्रमवारी लावतात; मग वेळ उरल्यास सामनाही होतो. हा सारा खटाटोप महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीसाठी; आणि तेथील पहिल्या श्रेणीच्या बेसबॉल संघास कालपरवापर्यंत ज्या शिष्यवृत्त्या मंजूर असत त्यांची संख्या होती ११.७. त्यांची वाटणी पुष्कळ वर्षे फार तर २७ मुलांत, आणि कोणाच्याही पदरी पाव हिश्शाहून कमी नाही, अशा बेताने होई. दशांश चिन्हाच्या पलीकडल्या सात दशांशावर जो शिकला तो गुडघ्यापर्यंतच पदवीधर झाला काय, ह्याचा खुलासा नियमावलीत नव्हता. २०२५ पासून, नव्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या महाविद्यालयांपुरती, ही मर्यादा उठून तिच्या जागी संघात ३४ हून अधिक मुले नकोत असा नियम आला आहे. म्हणजे अपूर्णांक गेले आणि दरवाजाही थोडा लोटला गेला.

तर ह्या आजोबांस गेल्या दिवाळीत कन्येकडून एका पत्राची नक्कल आली. ‘आपल्या मुलाने आमचे लक्ष वेधून घेतले आहे’ अशा मजकुराचे, महाविद्यालयाच्या बोधचिन्हासह आलेले ते पत्र त्यांनी मोरी रोडच्या नाक्यापासून सिटीलाइटच्या मंडईपर्यंत सर्वांस वाचून दाखविले आणि इमारतीत पेढे वाटले. चार दिवसांनी कन्येने फोनवर समजाविले की, अशी पत्रे घाऊक जातात, आणि तळाशी बारीक अक्षरांत शिबिराचे शुल्क लिहिलेले असते. वाटलेले पेढे परत मागण्याची सोय आपल्या संस्कृतीत नाही.

इकडे क्रिकेटमध्ये दाटी फार झाली आहे हे ओळखून दूरदृष्टीच्या पालकांनी शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीचे पारायण आरंभिले आहे. कारण दहावी-बारावीस वाढीव गुण आणि राज्याच्या सरकारी नोकरीत पाच टक्के राखीव जागा खेळाडूच्या प्रमाणपत्रावर मिळतात, आणि प्रमाणपत्रावर खेळाचे नाव असते, खेळास आलेला घाम नसतो. परवा एका पालकाने आम्हांस बेसबॉलमध्ये कितीजण असतात ते विचारले. मैदानात नऊ, असे सांगताच, “आणि जिल्ह्यात?” असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. महाराष्ट्रात सॉफ्टबॉल व बेसबॉल मनापासून खेळणाऱ्या मुलामुलींची येथे क्षमा मागतो. त्यांच्या पाठीमागे ही रांग उभी राहिली आहे ह्यात त्यांचा दोष नाही. रांगेत उभे राहण्याचेही ज्यांना जिवावर आले त्यांनी ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंग या खेळांची बोगस प्रमाणपत्रे सरकारदरबारी दाखल केली आणि चौकशीत सापडले. उडी मारण्याच्या खेळात जमिनीवरून पाय न उचलता प्रावीण्य मिळविणे, हा तरी एक विक्रमच म्हणावयाचा.

आता जुन्या काळी मुलगा कसा दिसे ते पाहा, म्हणजे आजची प्रगती ध्यानी येईल. वांद्र्याचा एक अकरा वर्षांचा मुलगा भावाबरोबर ह्याच मैदानावर रमाकांत आचरेकरांच्या जाळ्यात आला, आणि सर समोर उभे आहेत म्हणून बुजून त्यास एक चेंडू धड खेळता येईना. भावाने सरांना विनविले की, आपण निघून गेल्यासारखे करावे आणि दुरून पाहावे. सर झाडाआड गेले. मुलगा खेळू लागला. सचिन तेंडुलकरांनी आत्मचरित्रात हे स्वतः नोंदविले आहे. झाडाने शुल्क आकारले नाही, आणि आचरेकरांनी स्टंपवर ठेवलेला रुपया तर उलट मुलाच्याच खिशात जात असे. पुढे क्रिकेटसाठी त्या मुलाची शाळा बदलून त्यास दादरच्या शारदाश्रमात घातले गेले, तेव्हा शोध आणि भरती हे व्यवहार त्या काळीही चालतच होते. फक्त आधी खेळ पाहिला जाई. दिलीप वेंगसरकरांच्या हाताखालच्या गुणशोध विभागाचे प्रकाश पोद्दार २००३ साली जमशेदपुरास एक सामना पाहण्यास गेले असता शेजारच्या कीनन स्टेडियममधून चेंडू बाहेर येऊन पडू लागले, आणि हे मारतो तरी कोण म्हणून ते आत डोकावले, अशी हकीकत सांगतात. मारणारा महेंद्रसिंह धोनी होता. वयोमर्यादा उलटून गेलेली असूनही वेंगसरकरांनी नियम बाजूस ठेवला.

आणि जो कोणालाच दिसला नाही त्याचे काय? १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला तो बसूनच राहिला. आजचा पालक असता तर त्याने शुल्काच्या परताव्याची दरखास्त तेथल्या तेथे केली असती. त्या मुलाने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक केल्या, भारताकडून त्यास एकही सामना मिळाला नाही, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. ह्या गृहस्थांची चित्रफीत करावयाची झाल्यास छायाचित्रकाराने कोठून सुरुवात करावी?

सर्व बाजूंचा विचार करता टॅलेंट स्पर्धांच्या चालकांस आमची एक अदबशीर सूचना आहे. आजवरच्या सर्व तक्रारींच्या मुळाशी चेंडू आहे. तो चांगल्या घरच्या मुलांस त्रिफळाचीत करतो, स्टान्स बिघडवितो आणि देणगीदारांच्या पाल्यांतही भेदभाव करतो. तेव्हा पुढील मोसमापासून चेंडू वगळावा. मुलाने खेळपट्टीपर्यंत चालत यावे, गार्ड घ्यावा, बॅट उंचावून चहूकडे अभिवादन करावे, दोन वाक्यांची मुलाखत द्यावी आणि प्रमाणपत्र घेऊन परतावे. एका सकाळी दोनशे मुलगे दाखवून होतील, उन्हाचा त्रास नाही, आणि पंचांचे मानधनही वाचेल.

ज्या जुनाट वाचकांस चेंडूसकट क्रिकेट पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली लीग आहे. ती मुंबईच्या पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाते. तेथे गुडघाभर गवतात चेंडू शोधावा लागतो, आणि सीमारेषेवर घडीची खुर्ची टाकल्यास ती चिखलात रुतते. प्रवेश विनामूल्य आहे. वाचकांनी छत्री घेऊन अवश्य जावे. काळा चष्मा मात्र घरी ठेवावा, नाही तर चहा पाजून पाजून जीव नकोसा करतील.