एक डोळा वर

चौतीस वर्षं वह्या तपासताना मान खाली घालून दुखायची. निवृत्त होऊन साताऱ्याकडच्या आमच्या गावी आलो, सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला, आणि आता मान वर करून दुखते.

खुडूक बसलेल्या तांबडीनं एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं काढली. पाचव्या दिवशी दहा उरली. मी ओट्यावर चहा घेत होतो. अंगणातून एक सावली सरकली आणि मी कपबशी खाली ठेवेपर्यंत घार लिंबाच्या शेंड्यापलीकडे गेलीसुद्धा. पंखांचा आवाज नाही, काही नाही. तांबडी पिसं फुलवून दोन हात उंच उडाली, तेवढीच काय ती लढाई.

थोराड कोंबडीच्या वाटेला घार सहसा जात नाही. तिचं स्वतःचं वजन किलोच्या आसपास, ती दीड किलोचं ओझं उचलणार कशी? पिल्लू मात्र तिला चालता चालता उचललेल्या शेंगदाण्यासारखं. शिक्रा त्याहून लबाड. कबुतराएवढा पक्षी, पण घार निदान आभाळात दिसते तरी. हा झाडीत दबा धरून बसतो आणि जमिनीलगत येतो.

मग उपाय सुरू झाले. कुणाच्या तरी लग्नाच्या जुन्या सीड्या दोरीला टांगल्या. उन्हात लखलखल्या, दोन दिवस घार बिचकली, तिसऱ्या दिवशी त्याच दोरीशेजारच्या खांबावर येऊन बसली. मासेमारीचं जुनं जाळं अंगणावर ताणलं, त्यात सर्वांत आधी आमचा कोंबडा अडकला. गोफणीचा आणि विषाचाही सल्ला मिळाला. पण या पक्ष्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि विष काही आधार कार्ड बघून चढत नाही; कावळा मरतो, कुत्रं मरतं.

शेवटी माझ्यातला मास्तर जागा झाला. १९३०च्या दशकात लोरेन्झ आणि टिनबर्गन या दोघांनी पक्ष्यांच्या पिल्लांवरून पुठ्ठ्याची एक आकृती फिरवली होती. लांब टोक पुढे ठेवून सरकवली की ती बदकासारखी दिसे, उलटी सरकवली की ससाण्यासारखी. मीही पुठ्ठ्याची घार कापली, काळी रंगवली, तारेवरून सोडली आणि कोंबड्यांची कवायत घेतली. पहिल्या दिवशी पळापळ झाली. कवायतीनंतर मी दाणे टाकायचो, ही माझी चूक. आठवड्याभरात पुठ्ठा सरकला की सगळ्या वर्गाची दाण्यासाठी धावाधाव. नंतरच्या अभ्यासकांनाही हेच दिसलं होतं म्हणे: जे रोज डोक्यावरून जातं त्याची भीती मरते. आधी वाचायला हवं होतं.

शेजारच्या आक्का कुंपणापलीकडून हे बघत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, तिला काय शिकिवताय? तिला समदं येतंय. तुमी निस्ता आडुसा द्या."

आणि खरंच येतं. एक डोळा दाण्यावर ठेवून कोंबडी दुसरा कसा आभाळाला लावते, हे आता मी ओळखतो. कोंबड्याच्या धोक्याच्या हाकाही दोन. मुंगूस किंवा कुत्रं दिसलं तर तुटक तुटक कलकलाट. वर घार दिसली तर बारीक, लांबट, पातळ सूर, आणि क्षणात अंगण रिकामं. जवळपास कोंबड्या असल्या तर ही हाक तो जास्त देतो, एकटा असला तर बऱ्याचदा गप्प. पुरुष जात ओळखीची वाटली.

आक्कांनी सांगितलं तसं केलं. भिंतीला तुराट्या तिरक्या टेकवल्या, मोडकी बैलगाडी अंगणात ओढून आणली, पिल्लं थोराड होईपर्यंत डालग्याखाली आणि सकाळ-संध्याकाळ माझ्या नजरेखाली. कुंपणाच्या बाभळीवर कोतवालानं घरटं बांधलं, हे आमचं नशीब. मुठीएवढा काळा पक्षी, पण घारीच्या पाठीवर बसून टोचत तिला शिवेपर्यंत पोचवतो. पगार नाही, भत्ता नाही.

घारीचा राग राग करायचं मात्र मला पूर्ण जमत नाही. जनाबाईंनी आईच्या मायेसाठी जी उदाहरणं घेतली त्यांत घार आहे. शाळेत तो अभंग शिकवताना मुलांना समजावून सांगायचो, की आभाळात फिरणाऱ्या घारीचं मन घरट्यात असतं. त्या घरट्यातल्या पिल्लांना ती काय भरवते, हे एकाही मुलानं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

परवा ओढ्याकाठच्या वडावर ते घरटं दिसलं. काटक्या, तारेचे तुकडे, चिंध्या. त्यात माझ्या दोरीवरून गेलेल्या लाल पंच्याची पट्टी मी लांबूनही ओळखली. आज सकाळची मोजणी अशी: तांबडीची पिल्लं सात, घारीची दोन.