चोवीसभाऊ

"जरा गडद दाखवा. यात लिंबू जास्त झालंय."

बांगड्या-टिकल्यांच्या दुकानातल्या तिन्ही बायका वळून पाहू लागल्या. काउंटरवर पिवळ्या नेलपॉलिशच्या नऊ बाटल्या उघड्या होत्या. समोर साठी उलटलेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ नऊ नखांना नऊ तऱ्हेचे पिवळे लावून बोटं ट्यूबलाइटखाली धरून उभे होते. दहावं नख त्यांनी नमुना ताडून बघायला कोरं ठेवलं होतं.

दुकानातला पोरगा समजूतदार होता. "काका, काकूंचा रंग गोरा हाय का सावळा? त्यावर सांगतो मी."

"काकूला नको आहे. जीपला पाहिजे."

मी दोन पावलं मागे सरकलो. चोवीसभाऊंबरोबर बाजारात जायचं म्हणजे यांची-आपली ओळख नाही अशा चेहऱ्यानं थोडं लांब उभं राहायचं, हे मी आठ वर्षांत शिकलोय.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. आमच्या गल्लीत ते चोवीसभाऊ. मोटारींची हुबेहूब छोटी मॉडेलं करणाऱ्यांच्या जगात एकास चोवीस हे प्रमाण चालतं. खरी गाडी चोवीस वीत, तर आपली एक वीत. बांधकाम खात्यात जन्मभर नकाशे वाचल्यामुळे असेल, पण भाऊंना हे प्रमाण एवढं मानवलं की त्यांनी ते संसारालाही लावलं. नांदुऱ्याच्या 105 फुटी हनुमानासमोर त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि ओठ हलवले. मला वाटलं, मारुतिस्तोत्र म्हणताहेत. जवळ जाऊन ऐकलं तर "चार फूट साडेचार इंच." लोणारच्या काठावर पाहुणे उल्कापाताची गोष्ट ऐकत होते तेव्हा भाऊ कठड्याला टेकून उदास झाले होते. "व्यास अठराशे मीटर धरला तरी पंच्याहत्तर मीटर होतो हो," ते मला हळूच म्हणाले, "घरात नाही मावणार."

असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी एखादा तरी असतोच. कुणी रेडिओचे वॉल्व्ह शोधत असतो, कुणी बंद पडलेल्या घड्याळाचं एक चाक. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला मोटारवाला आला, एवढंच.

भाऊंना करायची आहे काळीपिवळी. मुंबईची नव्हे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी गळे काढून घेतले. आमची काळीपिवळी म्हणजे मलकापूरहून मोताळ्यामार्गे राजूर घाट चढत बुलढाण्याला येणारी जीप. जागा नऊ, माणसं सतरा, टपावर दोन पोती आणि एक सायकल, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. भाऊ नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दिवशी हिच्यातूनच घाट चढले होते, एका अनोळखी माणसाच्या मांडीवर बसून. "हिच्यावर कोणी अग्रलेख लिहिणार नाही," ते म्हणतात, "म्हणून मला मॉडेल करायचंय."

पण जगातल्या एकाही कंपनीनं या जीपचा किट काढलेला नाही. टामिया या जपानी कंपनीची फोक्सवॅगन बीटल मिळते, मिनी कूपर मिळते. शिझुओकातल्या त्या मंडळींना मोताळा माहीत नसावं. त्यांची विलीज जीप मिळते, आणि महिंद्रांनी सुरुवात विलीजच जोडून केली होती, तेव्हा गोत्र जुळत होतं. पण ती पडली लष्करी जीप, म्हणजे एकास पस्तीस. साठच्या दशकाच्या सुरुवातीला टामियानं पँथर रणगाडा काढला, तेव्हा त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावतील असा आकार धरला आणि तेच पुढे रणगाड्यांचं प्रमाण होऊन बसलं. "बॅटरीसाठी प्रमाण बदलतात का कुठे?" भाऊंनी हे इतकं दुखावून विचारलं की जणू टामियानं त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

शेवटी पुण्याच्या पुतण्यानं अमेरिकन जीपचा किट मागवून दिला. डबा उघडला आणि भाऊ मटकन खाली बसले. एकास पंचवीस! अमेरिकन मंडळी मोटारींना हेच प्रमाण वापरतात, हे त्यांना ठाऊक होतं, पण पुतण्याला नव्हतं. फरक चार टक्क्यांचा. आत बसवायची माणसं त्यांनी आधीच आणून ठेवलेली, ती चोवीसची. दोन रात्री ते झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझी कडी वाजवली.

"गाडी चार टक्के लहान, माणसं चार टक्के मोठी," ते दारातूनच म्हणाले. चेहरा उजळला होता. "अहो, काळीपिवळीत असंच असतं!"

त्या किटवर भरलेल्या जकातीचा विषय मात्र त्यांच्यापुढे काढू नये. परदेशी खेळण्यांवरची जकात 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 वर. आणि जकातीच्या यादीत ही छोट्या प्रमाणातली मॉडेलं बाहुल्या आणि तीनचाकी सायकलींच्या शेजारीच येतात. "हे खेळणं नाही," असं भाऊ गेली चौदा वर्षं वहिनींना सांगत आलेत. वहिनी आणि भारत सरकार यांचं या एका मुद्द्यावर पूर्ण एकमत आहे.

रंगाची कथा निराळीच. मॉडेलवाल्यांच्या रंगाचे स्प्रे ज्वालाग्राही, त्यामुळे विमानानं येत नाहीत. ट्रकनं यायचे तर विकणारा म्हणतो, एका डब्यासाठी बुलढाण्याला परवडत नाही. मग भाऊंनी जिल्हा पालथा घातला. चिखलीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी पिवळा ऑइलपेंट मागितला, दहा मिली.

"भिंत केवढी हाय?"

"भिंत नाही, जीप आहे."

"मंग अख्खा लिटर लागन."

"छोटी आहे हो. लांबी-रुंदीला चोवीसनं भागायचं, म्हणजे क्षेत्रफळाला पाचशे शहात्तरनं. वहीच्या पानाएवढी होते."

दुकानदारानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नोकराला हाक मारून भाऊंसाठी पाणी मागवलं.

गॅरेजमधल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं मात्र चहाच्या कपात रंग दिला, पैसेही घेतले नाहीत. तो खऱ्या काळीपिवळीचाच पिवळा होता. आपलं काम झालं, असं मला वाटलं. पण खरा रंग छोट्या गाडीवर जसाच्या तसा लावला तर ती काळपट दिसते. लांबून बघताना हवेनं रंग फिकटतो, आणि मॉडेल म्हणजे लांबून पाहिलेली गाडी. तेव्हा पांढरा मिसळायचा. किती? यावर तीन महिने गेले आणि कपातला रंग दगड झाला. त्यानंतर ते नेलपॉलिश. त्यात प्लास्टिकला खाणारं द्रव्य असतं, हे आम्हाला जीपचं डावं दार पापडासारखं वळल्यावर कळलं. आता आधी राखाडी प्रायमर लावायचा आणि वर नेलपॉलिशचे पातळ हात द्यायचे, असं ठरलंय.

पण ते हात द्यायचे कधी? घाटाखाली खामगावकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. स्प्रे मारला तर रंग गाडीवर पोचण्याआधी हवेतच वाळतो आणि अंगावर रवा पडल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा रंगात शिरतो आणि चकचकीत टप पांढुरका पडतो. राहिला हिवाळा. तेव्हा कापूस निघतो, जिनिंग चालू होतात, गाड्यांतून रुई उडते. ओल्या रंगावर बसलेला एक तंतू चोवीसनं गुणा, म्हणजे जीपवर दोरखंड पडलेला दिसतो. भाऊंनी हे सगळं कॅलेंडरवर मांडून काढलंय. त्यांच्या हिशोबानं रंगवायला योग्य असे दिवस वर्षातून अकरा येतात आणि त्यातले सात लग्नसराईत जातात.

रंगानंतर आला डिकल. डिकल म्हणजे पाण्यात बुडवल्यावर कागदापासून सुटणारा नक्षीचा पापुद्रा. चिंगमसोबतचा टॅटू आपण मनगटावर ओला करून दाबायचो ना, तीच युक्ती. कपबशीवरची फुलंसुद्धा अशाच पापुद्र्यानं उतरवून भट्टीत भाजतात. भाऊंना हव्या होत्या दोन नंबरप्लेटी, एमएच-28, पिवळ्यावर काळी अक्षरं. खरी पाटी 500 बाय 120 मिलिमीटर, म्हणजे त्यांची 21 बाय 5. प्रथम गेले रेडियमवाल्याकडे. त्यानं मशीनकडे पाहिलं, मग कागदावरच्या त्या टिंबाकडे, आणि मनापासून सल्ला दिला, "भाऊ, मशीन येवढं बारीक कापत नाही. तुम्ही गाडीच मोठी घ्या ना."

मग डिकलचा कोरा कागद टपालानं मागवला आणि झेरॉक्सवाल्याच्या इंकजेटवर छापायला दिला. एक पान घ्यायचं तर पूर्ण भरलेलं बरं, म्हणून भाऊंनी पानभर पाट्या काढल्या. चारशे. एकाच नंबरच्या चारशे गाड्या. घरी येऊन पाट्या कापून वाटीतल्या पाण्यात सोडल्या आणि शाई निघून गेली. बुडवण्याआधी वर पारदर्शक वार्निशचा हात मारायचा असतो, तो राहिला. आधी एकच पाटी बुडवून पाहावी, हे त्यांना नंतर सुचलं. तोवर वाटीत अख्खं पान गेलं होतं. पिवळसर पाण्याकडे बघत ते म्हणाले, "एका फटक्यात चारशे गाड्यांची नोंदणी रद्द. आरटीओलाही जमलं नसतं."

बंपरला चकाकी पाहिजे होती. त्यासाठी परदेशात चिकटणारी पातळ पत्री मिळते. भाऊंना वर्ख आठवला. चांदीसाठी खामगावसारखं गाव जिल्ह्यात असताना हे अवघड जायचं कारण नव्हतं, पण त्यांना घाई झाली होती. समोर काजूकतली होती. त्यांनी ब्रशनं एका कतलीवरचा वर्ख अलगद उचलला, बंपरवर बसवला आणि कतली मला दिली. काम सुरेख झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बंपरला मुंग्या लागल्या होत्या. खऱ्या जीपभोवती प्रवासी असतात, तशाच ओळीत.

पुढची काच फेव्हिक्विकनं बसवली, तर तिच्या वाफेनं काच आतून धुरकट झाली. इथं भाऊंनी मुळीच दुःख केलं नाही. "जुलैतला राजूर घाट," असं म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. मॉडेलमधला तेवढाच भाग मला खराखुरा आवडतो.

वहिनी घाटाखालच्या. त्या कमी बोलतात आणि जे बोलतात त्याला उत्तर नसतं. किटची उरलेली प्लास्टिकची काडी ज्योतीवर मऊ करून ताणली की केसाएवढी तार निघते, ती एरिअल म्हणून लागते. भाऊंनी यासाठी देवघरातली समई वापरली. त्या दिवशी मी तिथं होतो, म्हणून सांगतो. वहिनी आल्या, समई पाहिली, कपाटावर पापडाच्या डब्यांशेजारी रचलेली खोकी पाहिली. "सोळा डबे झाले," त्या म्हणाल्या, "पन जीप एक नाई झाली. कापूस पेरला असता तं सोळा डाव येचून झाला असता." त्यांनी समई उचलून नेली. भाऊ काडी हातात धरून थोडा वेळ बसले आणि मग मला म्हणाले, "पंधरा. एक डबा रिकामा आहे."

एकदा लग्नाला म्हणून आम्ही पुण्याला गेलो आणि मांडवातून पळून कोथरूडला पोचलो. तिथं भाऊ जोशी यांनी उभं केलेलं लघु रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे. रुळांवर गाड्या पळतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. दीड तास चोवीसभाऊ काचेला नाक लावून उभे होते. परतीच्या बसमध्ये जालना ओलांडेपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "सगळं पूर्ण केलंय हो त्यांनी. एवढं पूर्ण झाल्यावर रोज सकाळी उठून करत काय असतील?"

मला उत्तर सुचलं नाही. देऊळगाव राजा येईपर्यंत त्यांनी ते स्वतःच शोधलं: संग्रहालयातल्या झाडांचा हिरवा त्यांना जरा बदलावासा वाटला होता.

जीप आता फ्रीजवर उभी आहे. पिवळा टप झाला. बाराव्या बाटलीचा, लिंबाचा नाही, पिकल्या केळ्याचा. सतरा प्रवाशांपैकी नऊ बसलेत. नवी नंबरप्लेट वार्निश मारून तयार आहे. खालचा काळा तेवढा लावायचा राहिला, आणि तो मिळत नाही. रंगवाला म्हणाला, काळा तं काळा असते, त्यात काय पाहता. पण भाऊंना वीस उन्हाळे खाल्लेला, चिखलानं फिका झालेला, दारापाशी प्रवाशांच्या हातांनी घासून चकाकलेला काळा पाहिजे. तो खामगावला एका दुकानात असल्याचं कळलंय. सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघे जातोय. भाऊंची नखं अजून पिवळी आहेत, त्यामुळे नमुन्याचे तीन काळे सध्या माझ्या हाताला लावलेले आहेत.