उड्डाणास पात्र

संगमनेरच्या तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या मनुष्यास दाखला या वस्तूविषयी जो आदर वाटतो, तो वेदान्त्यास ब्रह्माविषयीही वाटत नसेल. त्यामुळे भाच्याने वैमानिक होण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा घरातील मंडळी विमाने पडतात कशी याची चर्चा करीत असता मी एवढीच पृच्छा केली, की याला दाखले कोणते लागतात? पहिला लागतो तो प्रकृतीचा. आमच्या गल्लीतील डॉक्टर, बाळूचा सर्दीखोकला जन्मापासून पाहिल्याच्या अधिकाराने, ‘सदर इसम उड्डाणास पात्र आहे’ असे लिहून शिक्कामोर्तब करून द्यावयास तयार होते. परंतु नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या दफ्तरी ज्याचे नाव आहे अशाच वैद्याचा शब्द तेथे ग्राह्य धरतात, आणि द्वितीय श्रेणीचा दाखला हाती आल्याखेरीज प्रथम श्रेणीच्या तपासणीचे दार उघडत नाही, असा खुलासा झाल्यावर पुण्याची तारीख ठरली, व सख्खा मामा या नात्याने सोबतीची कामगिरी मजकडे आली.

रक्त उपाशीपोटी द्यावयाचे होते. बाळू उपाशी तर मीही उपाशी, अशी भीष्मप्रतिज्ञा मी पहाटे भर एस. टी. स्थानकात केली, आणि या देशातील पहिला वैमानिकाचा परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळाला, येथपासून व्याख्यानास आरंभ केला. चंदनापुरीचा घाट चढेपर्यंत प्रतिज्ञा आणि व्याख्यान दोन्ही अभंग राहिली. घारगाव, बोटा येथे डळमळली. आणि आळेफाट्यास गाडी थांबताच खिडकीतून आलेल्या मिसळीच्या वासाने दोहोंचाही निकाल लावला.

“जा तुम्ही, मामा. रक्त माझं काढणार आहेत,” बाळू म्हणाला. मुलगा मुळातच समंजस.

पुण्यात छातीचे चित्र निघाले, हृदयाचा आलेख निघाला, आणि काचेच्या एका कोठडीत कानांस यंत्र लावून, बारीकशी शीळ ऐकू येताच बटण दाबावयाचे, असाही एक विधी झाला. चष्मा खिशात दडव, असे मी बाळूस बजावून ठेवले होते. डॉक्टरांनी तो स्वतःच मागून घेतला, आणि चष्म्यातून नीट दिसत असेल तर चष्म्याची अडचण नाही, असे सांगून माझी जन्माची समजूत खोटी पाडली.

मग डॉक्टरांनी एक पुस्तक उघडले. शिनोबु इशिहारा नामक जपानी नेत्रवैद्याने १९१७ साली प्रसिद्ध केलेली ही रंगीत ठिपक्यांची चित्रे. ठिपक्यांच्या त्या गर्दीत आकडा दडलेला असतो. बाळू “बारा” म्हणाला, ते ठीक होते. पुढच्या एका चित्रावर तो बेधडक “चौऱ्याहत्तर” म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्या माझ्या छातीत धस्स झाले. कारण आकडा स्वच्छ एकवीस होता. मी खाकरलो. पोराने दाद दिली नाही. शेवटी न राहवून, कॉपी पुरवणाऱ्या पालकाच्या स्वरात मी कुजबुजलो, “एकवीस!”

डॉक्टर वळले. “हा काय दिसतो, मामा?”

“तीन.”

“आठ आहे.”

लाल-हिरव्याचा भेद मला उपजतच कळत नाही, हे अशा रीतीने माझ्या वयाच्या साठीत निष्पन्न झाले. हा दोष आईच्या वाटे मुलाकडे येतो, तेव्हा मामास तो असताना भाचा त्यातून सुटला हे सुदैव समजा, असे डॉक्टर म्हणाले. कारण विमानाचा रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यावरून हिरवा दिवा दाखवतात तो उतरण्यासाठी, आणि तांबडा दाखवतात तो घिरट्या घालीत राहण्यासाठी. मी असतो तर काय केले असते, हे त्यांनी विचारले नाही, हा त्यांचा सभ्यपणा.

परतीच्या गाडीत माझ्या उभ्या आयुष्याची फेरतपासणी चालू होती. साहेबांची हिरवी शाई आणि तपासनिसांची तांबडी शाई यांवरून कचेरीत झालेले ते घोटाळे, दिवाळीस डाळिंबी म्हणून मोठ्या हौसेने आणलेले, आणि घरात शेवाळी ठरून ट्रंकेच्या तळाशी गेलेले ते लुगडे, आणि टोमॅटो! पस्तीस वर्षे मी पिकलेले निवडून आणतो आणि घरात ते हिरवे निघतात, यास मी आजवर बायकांचा दुराग्रह समजत आलो होतो.

नारायणगावास गाडी थांबली, तेव्हा दोन किलो टोमॅटो घेतले. निवडले बाळूने.

रात्री सौभाग्यवतींनी पिशवी ओट्यावर पालथी केली, एक टोमॅटो दिव्यासमोर धरला, आणि दाखल्याविषयी चकार शब्द न काढता विचारले, “हे कुणी आणले?”