झुकणार नाही, उसळेल!

मागचा स्वे बार जाड केला की गाडी वळणावर कमी झुकते, हे खरेच. बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 16 मिलिमीटरचा भरीव बार काढून त्याच घडणीचा 19 मिलिमीटरचा बसवला, की ताठरपणा जवळपास दुप्पट. पण हाच बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जखडतो. एक चाक खड्ड्यात गेले की हिसका दुसऱ्या बाजूलाही पोचतो. पावसाळ्यातल्या पनवेलमध्ये दोन्ही चाके एका पातळीवर सापडणे हाच योगायोग. म्हणजे पदरचे पैसे घालून आपण खड्ड्याचा लाभ दोन्ही बाजूंना समान वाटून देतो.

कुणी म्हणेल, शहराचे सोडा, पुढे द्रुतगती मार्गावरचा घाट आहे ना! आहे; पण तिथे मोटारींना ताशी 60 किलोमीटरची मर्यादा आहे आणि त्या वेगाला कंपनीचा बार पुरतो. उलट मागची बाजू अति ताठर झाली, तर ओल्या वळणावर तीच आधी घसरते. आणि कळंबोली सर्कलच्या कोंडीत झुकायचे तर गाडी आधी हलायला हवी. तेव्हा खर्च करायचाच असेल, तर आधी चांगले टायर घ्या आणि झिजलेले बुश, शॉकअप बदला.