दोन पात्या आणि एक व्हीलचेअर

देवासचं राज्य पवार बंधूंनी वाटून घेतलं ते अठराव्या शतकात. तुकोजींची थोरली पाती, जिवाजींची धाकटी पाती. गाव एक, गाद्या दोन. 1921 साली इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून इथे आला आणि हा दुहेरी कारभार बघून चक्रावला. 1948 साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, अशी इतिहासाच्या पुस्तकांची समजूत आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिल्लीला बदलून गेल्या.

थोरली पाती म्हणजे आताचं अवजड उद्योग मंत्रालय. खजिना तिच्याकडे. विजेच्या वाहनांसाठी ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना, 10,900 कोटींची. त्यात ई-रिक्षाला अनुदान बॅटरीच्या मापाने: पहिल्या वर्षी किलोवॅट-तासाला 5,000 रुपये, दुसऱ्या वर्षी 2,500. रिक्षात व्हीलचेअर घ्यायचा रॅम्प कितीही लांब केला तरी तो किलोवॅट-तासात मोजता येत नाही, सबब अपात्र. चारचाकी ई-टॅक्सी आधीच्या ‘फेम-2’ योजनेत होती. नव्या योजनेने तिला उतरवून दिलं.

धाकटी पाती म्हणजे सामाजिक न्याय मंत्रालय. तिच्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. कलम 41 म्हणतं, दिव्यांगांना परवडणाऱ्या खर्चात हिंडता-फिरता यावं म्हणून सवलती द्या, वाहनांत फेरबदलांची सोय करा, त्याच्या योजना आखा. कायदा धाकटीकडे, पैसा थोरलीकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी, आणि हा पाहुणा तर दोन्ही घरांच्या पायरीखालीच थांबलेला.

राहता राहिला परवाना. 2018 साली केंद्राने बॅटरीवरच्या व्यावसायिक वाहनांना परमिटमधून मोकळं केलं. चालक सुखावला, हेलपाटे वाचले. पण परमिटच नाही, तर ‘दहातल्या एका गाडीला रॅम्प हवा’ ही अट लिहायची कुठे? नियमाप्रमाणे ई-रिक्षात चार प्रवासी आणि 40 किलो सामान चालतं. म्हणजे घडी घातलेली व्हीलचेअर सामान म्हणून जाऊ शकते. तिच्यावरच्या माणसाचीही घडी घालता आली, तर प्रश्न मिटला.

यात धार जिल्ह्यानेही मागे राहू नये. तिथे पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची 11.3 किलोमीटरची धावपट्टी आहे, देशाच्या अभिमानाची. तिथे गाड्या ताशी 250 किलोमीटरने पळवून बघतात. ताशी 25 च्या मर्यादेतल्या ई-रिक्षाला तिथे एक फेरी मारायला 27 मिनिटं लागतील. चाचणी घ्यायचीच तर शून्य वेगाची घ्या: गाडी उभी, व्हीलचेअर उभी, मध्ये एक पायरी. इकडे देवासच्या टेकडीवर दोन देवींच्या दर्शनाला जायला रोपवे आहे. स्टेशनपासून टेकडीच्या पायथ्याशी पोचायला मात्र नवसच बोलावा लागतो.

फॉर्स्टरच्या लंडनात एकच पाती. 2000 सालापासून तिथल्या प्रत्येक काळ्या टॅक्सीत व्हीलचेअर जाते. 2018 पासून नव्या टॅक्सीला परवाना हवा असेल, तर ती काही अंतर तरी धुराविना धावली पाहिजे. सरकारने अशा टॅक्सीच्या खरेदीला अनुदानही दिलं. वीज आणि रॅम्प एकाच परवान्यात. इतका सोपा कारभार फॉर्स्टर आमच्याकडून शिकला नव्हता, हे उघड आहे.

आमचं सरकार काहीच देत नाही, असं मात्र म्हणू नये. पात्र दिव्यांगांना ते बॅटरीची तीनचाकी देतं. ती स्वतः चालवायची, पावसात स्वतः भिजायचं. प्रवासी म्हणून जागा नाही, चालक म्हणून आहे. आत्मनिर्भरता म्हणतात ती हीच.

मध्य प्रदेशाच्या 2025 च्या ई-वाहन धोरणात आदर्श शहरं पाच: भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर, उज्जैन. धार-देवास त्यात नाहीत, म्हणजे आदर्श असण्याची सक्ती नाही. तेव्हा इथेच एक प्रयोग करावा. ई-रिक्षाच्या कागदपत्रांत रॅम्पची नोंद ‘बॅटरीचं झाकण’ अशी करावी. थोरली पाती झाकणाला अनुदान देईल, धाकटी पाती कलम 41 पाळल्याचा अहवाल पाठवेल आणि उद्घाटनाची फीत दोघी एकाच कात्रीने कापतील. फक्त समारंभाच्या व्यासपीठाला तेवढा रॅम्प ठेवा.