आधी पूर्ण होऊ दे

‘होऊदेकाका’ जावाच्या प्रत्येक टीममध्ये एक तरी असतातच. कोड रिव्ह्यूत त्यांचा शेरा एकच: ‘आधी पूर्ण होऊ दे.’ तो बहुधा कन्स्ट्रक्टरखाली पडतो. नव्या मुलाने इन्व्हॉइसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिल्याच ओळीत ‘धिस’ लिसनरच्या हवाली केलेला असतो. रक्कम भरली जाते तिसऱ्या ओळीत. मधल्या क्षणी दुसरा थ्रेड डोकावला तर बिल शून्य रुपयांचं. काकांच्या भाषेत, नाळ कापायच्या आधीच बाळ शेजारणीच्या मांडीवर.

‘मग नोंदणी शेवटच्या ओळीत करतो’ म्हटलं तरी सुटका नाही. सबक्लास असेल तर त्याच्या कन्स्ट्रक्टरचं काम अजून व्हायचंच असतं. शिवाय फायनल फील्ड दुसऱ्या थ्रेडला नीटच दिसतील ही हमी २००४ साली जावा ५ ने दिली खरी, पण ‘धिस’ आधीच बाहेर पडला नसेल तरच. म्हणून कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवावा. स्टॅटिक फॅक्टरीत ऑब्जेक्ट आधी घडवावा, मग नोंदवावा. ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलावू नये; त्या वेळी सबक्लासची फील्ड बहुधा भरलेलीच नसतात, नल किंवा शून्य असतात. कन्स्ट्रक्टरमधून थ्रेड सुरू करणाऱ्याशी काका दोन दिवस बोलत नाहीत.

शेरा कोडपुरता राहिला तर ते काका कसले? कॅन्टीनच्या चहाला पहिली उकळी आली की पातेल्याकडे बघून ‘पूर्ण होऊ दे’. कुणाचं लग्न ठरल्याचे पेढे आले तर साखरपुडा होईपर्यंत ते पेढा खात नाहीत. खिशात ठेवतात.

बिल्डर पॅटर्नवर मात्र भारी जीव. आठ पॅरामीटर एका ओळीत कोंबण्यापेक्षा एकेक नावानिशी द्यायचा, आणि शेवटी ‘बिल्ड’ म्हटल्यावर काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकायचं. ‘बिल्डर असावा तर असा!’ हे ते जरा जास्तच जोरात म्हणतात. त्यांच्या फ्लॅटचा बिल्डर तसा निघाला नाही. नवा पत्ता बँकेला, नातेवाइकांना, लेकीच्या शाळेला देऊन झाला होता. इमारत चौथ्या मजल्यावर थांबली, फ्लॅट सातव्यावर.

रात्री दोनला प्रॉडक्शन झोपतं, तेव्हा शोधता शोधता सहा महिन्यांपूर्वीच्या एका ओळीखाली तोच शेरा सापडतो, कुणीतरी न वाचताच ‘रिझॉल्व्ह’ केलेला. फोन काकांनाच जातो. ते चिडत नाहीत. भाड्याच्या घराच्या गॅलरीत येऊन, लेक उठू नये अशा आवाजात, ओळीचा नंबर सांगतात.