डावा कोपरा

कबड्डीतला एक जाणकार तुमच्याही गावात असणारच. आमच्या वाट्याचे तात्या जंक्शनला बसतात. बारामतीहून इंदापूरकडे जाताना वालचंदनगरचा फाटा फुटतो, ते जंक्शन. आपण टपरीवर चहा सांगावा, तो समोर यावा, ग्लास ओठापर्यंत न्यावा, एवढ्यात तात्यांचा हात पुढे येतो.

"बारामतीकर, द्या तो ग्लास हिकडं. तुमी डावा कोपरा."

टेबलावर पाण्याच्या बोटानं मध्यरेषा ओढली जाते, मग बोनस रेषा. टपरीवरच्या सात जणांचे सात ग्लास बचावाला उभे राहतात. चढाईला काडेपेटी. काडेपेटी कधी अस्लम इनामदार असते, कधी मोहित गोयत, कधी पंकज मोहिते. नियमाप्रमाणे चढाई तीस सेकंदांची. तात्यांची पाऊण तास चालते, कारण मधे मधे काडेपेटी थांबवून ते प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणच्या प्रशिक्षकाला चार गोष्टी सुनावतात. प्रशिक्षक समोर नसतो, म्हणून त्या आम्ही ऐकून घ्यायच्या.

आता यातली खरी गोम ऐका. काडेपेटीनं ज्याला शिवलं तो बाद, आणि बाद झालेला ग्लास मालकाला परत. त्यामुळे मध्यरक्षक, उजवा कोपरा असली मंडळी गरम चहा पिऊन मोकळी होतात. तात्यांचा डावा कोपरा मात्र बादच होत नाही. "त्यो कसा शिवंल? त्यो मागं सरकलाय," असं म्हणत तात्या माझा ग्लास स्वतः दोन बोटं मागं घेतात. चहावर साय धरते. सगळा संघ बाद होऊन लोण चढल्याशिवाय मला चहा नाही, आणि तात्या लोण चढू देत नाहीत.

वाद एकच, आणि तो वर्षानुवर्षं चालू आहे. बारामतीचे एक खतवाले म्हणतात, चढाई अस्लमनं करावी, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. नगर जिल्ह्यातलं पोरगं, पाय विजेचे, मग दुसऱ्याला कशाला पाठवायचं? यावर तात्यांचं डोकं फिरतं. तात्या इंदापूर तालुक्यातले, त्यांचं शेत नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला; बारामती हेडच्या बाजूला. त्यांच्या लेखी हा प्रश्न कबड्डीचा नाहीच.

"सगळं पाणी हेडलाच जिरवाल तर टेलला काय यील? चढाईचं आवर्तन लावा. अस्लम, मोहित, पंकज, आकाश शिंदे. पाळीपाळीनं."

२०२२ ला मुंबईतल्या अंतिम सामन्यात अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीनं बाहेर होते. जयपूरनं पलटणला ३३-२९ नं हरवलं. खतवाले म्हणाले, "बघा, अस्लम नव्हता." तात्या म्हणाले, "बघा, टेल कोरडी ठेवली हुती." एकाच पराभवावर दोघंही जिंकले. त्या दिवशी डाव्या कोपऱ्यात कर्णधार फझल अत्राचली होता, म्हणजे माझा चहा.

मग १ मार्च २०२४ उजाडला. हैदराबाद, समोर हरियाणा स्टीलर्स. पंकज मोहितेनं एका चढाईत चार गुण टिपले आणि २८-२५ नं करंडक पहिल्यांदा पुण्याचा झाला. त्या मोसमात चढाईत सर्वाधिक गुण दिल्लीच्या अशू मलिकचे. आपल्याकडे असा एकटा शिलेदार कुणी नव्हताच, गुण सगळ्यांत वाटलेले. तात्या उठून उभे राहिले आणि ओरडले, "टेलला पाणी आलं!" बस पकडायला निघालेली चार माणसं खरंच कालव्याकडं बघायला लागली. आमचा डावा कोपरा त्या वर्षी मोहम्मदरझा शादलू, किंमत २ कोटी ३५ लाख. माझ्या दहा रुपयांच्या चहाला एवढा भाव आला तो तेवढाच.

पुढच्या मोसमात शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. पलटण बाद फेरीपर्यंतही पोचली नाही, आणि अंतिम सामना नेमका पुण्यात, बालेवाडीला. तात्यांनी तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. २९ डिसेंबरला ते गेले, शादलूला हरियाणाच्या बाजूनं करंडक उचलताना पाहिलं आणि रात्रीच्या गाडीनं परत आले. त्यानंतर काही दिवस मला सलग गरम चहा मिळाला. खरं सांगायचं तर तो गोड लागला नाही.

२०२५ च्या मोसमात पुण्यात एकही सामना झाला नाही. नाव पुणेरी, सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्लीत. "आवर्तनच रद्द केलं," एवढंच तात्या म्हणाले. ३१ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात दिल्लीनं ३१-२८ नं नमवलं. आदित्य शिंदेनं सुपर टेन केला तरी तीन गुण कमी पडले. दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात कोण? फझल! तात्या माझ्या ग्लासाकडं असे बघत होते, की मी तो परत मागितलाच नाही.

टपरीवाल्यानं मागं एकदा सांगितलं ते इथंच लिहून टाकतो. तात्या तरुणपणी गावाच्या संघात डावा कोपरा खेळायचे. मातीचं मैदान, जत्रेतले सामने, गुडघा गेला तोही तिथंच. "त्या जागंवर ते कुणाचाबी ग्लास ठेवत न्हाईत," टपरीवाला म्हणाला. "तुमी नसला की तिथं रिकामा ग्लास असतो."

माणूस त्रासदायक आहे, यात शंका नाही. पण चढाईचे गुण चार जणांत वाटले की संघ टिकतो, हे त्याचं म्हणणं २०२४ च्या करंडकानं खरं ठरवलंय. बारामतीच्या मंडळींनी ते एकदा कबूल करावं. आणि जमलंच, तर कालव्याबद्दलही.